खापर आमच्या गावात, नाव मात्र जोर्व्याचं! असं का?

प्रवराकाठचा

मंडळी, नमस्कार. पाच-सहा वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचं गाव प्रवरेच्या काठी आहे. नाव सांगत नाही, कारण ज्या भांडणामुळे धागा काढला ते अजून मिटलेलं नाही. गावाच्या उगवतीला पांढरीचं टेकाड आहे. तिथं नांगराला खापरं लागतात. तांबडी, वर काळ्या रेघांची नक्षी, आणि बोटानं टिचकी मारली तर काशाच्या वाटीसारखी वाजतात. लहानपणी आम्ही त्यांनी लगोरी खेळायचो.

दिवाळीनंतर पुण्याहून दोन विद्यार्थी आले होते, नदीकाठची जुनी ठिकाणं बघत फिरणारे. त्यांनी एक खापर उचललं, एकमेकांकडे बघितलं आणि म्हणाले, "टिपिकल जोर्वे." मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून यात्रेच्या स्मरणिकेतला गावाचा इतिहास दरवेळी माझ्याच गळ्यात पडतो. यंदा लिहिलं, "आपल्या गावी जोर्वे संस्कृतीचे अवशेष आढळतात."

बैठकीत नुसता गदारोळ. एक आजोबा म्हणाले, "जोर्व्याला आपण पोरी दिल्या, पण त्यांच्या हाताखाली कधी नव्हतो." दुसऱ्याचं म्हणणं, खापर आपलं, टेकाड आपलं, मग नाव शेजारच्या गावाचं का? तरुण मंडळींपैकी एकानं तर "म्हणजे जोर्वे राजधानी होती आणि आपण सुभा" असा नकाशाच काढला.

मला यातलं काही पटवून देता आलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. तर, ही नावं कोण ठेवतं? कशावरून? आणि त्या लोकांचं खरं नाव काय होतं?

चहाटळ मावशी

खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याचा वाद ऐकला होता, खापराला नाव कुणाचं द्यायचं हा पहिलाच. रुमाल टाकून ठेवते.

ज्वारीची भाकरी

आजोबांशी १००% सहमत. आमच्या शेतातल्या आंब्याला शेजाऱ्याचं नाव दिलं तर मी पण भांडेन.

कुदळ-फावडं

सर, धागा मस्त. मी हे शिकलो आहे, पोट मात्र दुसऱ्याच कामावर भरतो. तरी दोन हंगाम खड्ड्यात बसून ब्रशनं माती झाडली आहे, तेवढ्या अधिकारानं लिहितो.

राजधानी वगैरे काही नाही. जोर्व्याला मान मिळाला तो फक्त आधी खणलं गेलं म्हणून. १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव या पुरातत्त्वज्ञांनी नाशिक आणि जोर्वे अशा दोन ठिकाणी उत्खनन केलं. जोर्व्याला तुमच्या वर्णनातलीच भांडी निघाली: चाकावर घडवलेली, पक्की भाजलेली, तांबड्या लेपावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. शिवाय तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. तोवर दख्खनचा सातवाहनांच्या मागचा काळ म्हणजे जवळजवळ कोरी पाटी होती. पुढं नेवासे, चांदोली, दायमाबाद, इनामगाव इथं तसलीच भांडी मिळत गेली, तेव्हा दरवेळी लांबलचक वर्णन करण्यापेक्षा "जोर्व्याला मिळाली तशी" म्हणणं सोपं पडलं. मग "जोर्वे भांडी", आणि त्यावरून "जोर्वे संस्कृती". इतकीच ही कथा आहे. जुन्या लेखनात "जोर्वे-नेवासे" अशी जोडगोळीही दिसते. नेवासे पुढं गळलं, जोर्वे टिकलं.

अशा गावाला टाइप-साइट म्हणतात. ते सगळ्यांत मोठं असायची गरज नाही, सगळ्यांत जुनंही नाही. दायमाबाद जोर्व्यापेक्षा कितीतरी मोठं आणि तिथं एकावर एक पाच संस्कृतींचे थर. इनामगावात तर १९६८ पासून वर्षानुवर्षं खणून सव्वाशेच्या वर घरं उघडी केली. जोर्वे लोकांबद्दल आपल्याला जे काही कळलंय त्यातलं बरंचसं इनामगावमुळे. पण पाटी जोर्व्याच्या नावाची, कारण नंबर आधी लागला होता.

माहेरवाशीण

माझं माहेर संगमनेरचं. जोर्वे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण शाळेत असताना कुणी एका शब्दानं हे सांगितलं नाही. हडप्पा पाठ, जोर्वे माहीत नाही! लग्न होऊन पुण्याला आल्यावर एका संग्रहालयात पाटी वाचली आणि सासूबाईंना म्हटलं, "अहो आई, हे आमच्याकडचं आहे." त्या म्हणाल्या, "तरीच तुझा हात भांड्यांवर इतका आपटतो."

चहाटळ मावशी

सासूबाईंना दंडवत.

शंकासुर

कुदळ-फावडं, तुमच्या म्हणण्याचा अर्थ असा की भांडी सारखी म्हणून माणसं एक. हे कसं काय बुवा? माझ्या घरात चिनी कप, इटालियन पास्ता आणि जपानी घड्याळ आहे. उद्या घर मातीखाली गेलं तर मी कोण?

ज्वारीची भाकरी

शंकासुर, तुमच्याकडे इनोही निघेल. त्यावरून संस्कृती ओळखतील.

कुदळ-फावडं

शंका अगदी बरोबर जागी बसली आहे. या विषयातलं जुनं दुखणं तेच.

नुसत्या भांड्यांवरून नाव देत नाहीत, निदान द्यायला नको. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९२९ साली जी व्याख्या मांडली तिचं सार असं: भांडी, हत्यारं, दागिने, घरांची ठेवण, मेलेल्यांना पुरायची रीत, असा गठ्ठा जेव्हा पुन्हा पुन्हा एकत्र सापडतो तेव्हा त्या गठ्ठ्याला "संस्कृती" म्हणायचं. तुमच्या चिनी कपाच्या जोडीला तुमच्याकडच्या पद्धतीचं घर, तुमच्या पद्धतीची चूल, तुमच्या पद्धतीचं मयत असेल. कपानं फसाल, गठ्ठ्यानं फसायची शक्यता कमी.

जोर्व्याचा गठ्ठा बघा. भांडी तर आहेतच, त्यांत तोटीचा तांब्या आणि कंगोरेदार वाडगा ठळक. दगडाची बारीक पाती. तांबं जपून वापरलेलं. जव मुख्य पीक, गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. आणि पुरायची पद्धत: लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे, त्यात मूल, आणि ते घराच्याच जमिनीखाली. मोठं माणूस असेल तर उत्तरेला डोकं करून उताणं पुरायचं आणि घोट्याखालची पावलं तोडायची.

माहेरवाशीण

पावलं तोडायची?? का?

कुदळ-फावडं

लिहून ठेवलेलं काही नाही, त्यामुळे सगळे तर्कच. मेलेला माणूस परत येऊ नये किंवा घर सोडून जाऊ नये, अशा दोन्ही उलट बाजूंनी तर्क झालेत. मुलांना घरात ठेवण्यावरून मला दुसरा जवळचा वाटतो. इनामगावात पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात एक चार पायांचा कच्च्या मातीचा रांजण मिळाला. त्यात प्रौढ माणूस मांडी घालून बसवलेला, आणि त्याची पावलं शाबूत. त्यावरून तो गावचा प्रमुख असावा असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं.

अनामिका७

हे वाचून झोप उडाली. आजी म्हणायची, बाळ गेलं तर लांब नेऊ नये. मी आजवर समजत होते की ही तिचीच काहीतरी समजूत.

निवृत्त कारकून

अवांतर आहे, पण राहवत नाही. प्रवराकाठचे सर, तुमच्या "पांढरी" शब्दातच तुमच्या गावाचा पुरावा आहे.

आमच्या दप्तरात काळी आणि पांढरी हे शब्द नेहमीचे. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीतली राख, मातीच्या पडलेल्या भिंती, शेण, हाडं, केरकचरा एकाच जागी साचत गेला की माती भुरकट पांढरी होते आणि जागा उंच होते. आपल्याकडचे पुरातत्त्ववालेही "पांढरीचं टेकाड" असंच लिहितात, वेगळी संज्ञा बनवावी लागली नाही.

आता दुःखाची गोष्ट. ही माती पिकाला चांगली, म्हणून गाड्याच्या गाड्या भरून लोक शेतात टाकतात. माझ्या नोकरीच्या काळात निम्मं टेकाड असं गेलेलं मी पाहिलं. कुणाला नावं ठेवू? चाळीस वर्षांपूर्वी मीच आमच्या परसात दोन गाड्या टाकल्या होत्या. भेंडी झकास आली.

आणखी एक. सापडलेली वस्तू घरी नेऊ नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये हा आकडाही तेव्हाचाच!

चहाटळ मावशी

दहा रुपयांत आता कटिंग चहा मिळतो. म्हणजे टेकाडात चहाचा कप सापडला तरी कलेक्टर?

बंड्या टोकियोकर

शीर्षक वाचूनच आत आलो. आमच्या इथं हीच गंमत दुप्पट झालेली आहे.

जपानच्या इतिहासात आधी जोमोन आणि मग यायोई असे दोन काळ शिकवतात. जोमोन म्हणजे दोरीची नक्षी. एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ साली योकोहामाहून टोकियोला रेल्वेनं येत होता. ओमोरीपाशी रुळालगत त्याला शिंपल्यांचा ढीग दिसला. तिथं खणल्यावर भांडी मिळाली, ओल्या मातीवर दोरी दाबून नक्षी काढलेली. वर्णन केलं आणि तेच नाव होऊन बसलं. दोरीची नक्षी नसलेली कितीतरी भांडी जोमोनच म्हणवतात, ते वेगळं.

यायोई हे तर टोकियोतल्या एका मोहल्ल्याचं नाव, विद्यापीठाला लागून. १८८४ साली तिथं एक मडकं मिळालं. एका मडक्यावरून देशभर भातशेती पसरवणाऱ्या काही शतकांना गल्लीचं नाव! आपल्याकडे सदाशिव पेठ संस्कृती म्हटल्यासारखं आहे.

मी तिथून रोज सायकलवरून जातो. कोणी राजधानी म्हणून मिरवत नाही. एक लहानसा दगड आहे, बस.

ज्वारीची भाकरी

सदाशिव पेठ संस्कृती ओळखायची खूण: दर थरात पाट्या.

शंकासुर

ते राहू द्या. माझा मुद्दा सुटला. गठ्ठा मान्य. पण गठ्ठा म्हणजे समाज, समाज म्हणजे वंश, वंश म्हणजे भाषा, ही उडी लोक मारतातच ना?

कुदळ-फावडं

मारतात, आणि तोंडावर आपटतात. जर्मनीत गुस्ताफ कोसिन्ना नावाचा पुरातत्त्वज्ञ हेच सांगत असे, की नकाशावर एका धाटणीच्या वस्तूंचा प्रदेश आखा, तो एका जमातीचा प्रदेश. त्याच्या मृत्यूनंतर नाझींनी ते उचललं: जिथं आमच्या पूर्वजांची मडकी तिथवर आमची जमीन. त्यानंतर जगभरचे लोक या वाक्यरचनेला बिचकून असतात.

तुमच्या गावच्या तरुणानं काढलेला सुभ्याचा नकाशा हे त्याचंच गावठी, निरुपद्रवी भावंड आहे. खापरं सारखी म्हणून एक राज्य, असा त्याचा हिशेब. एक राज्य असल्याचा पुरावा काही नाही.

सिंधुपुत्र

विषय निघालाच आहे तर विचारतो. "हडप्पा संस्कृती" हे नाव बदलायला नको का? बहुसंख्य स्थळं हडप्प्याच्या आसपास नाहीतच. सिंधू-सरस्वती म्हणा की सरळ. नाव परक्यांनी दिलेलं आम्ही का चालवायचं?

शंकासुर

झालं सुरू. पॉपकॉर्न आणा कुणीतरी.

कुदळ-फावडं

हडप्प्याला रीतसर उत्खननाची सुरुवात केली ती १९२१ साली दयाराम सहानींनी. दुसऱ्या वर्षी मोहेंजोदडोत राखालदास बॅनर्जी. दोघंही इथलेच. आधी हडप्पा खणलं म्हणून हडप्पा, नियम जोर्व्याचाच. नदीचं नाव दिलं की पुढं नद्या वाढत जातात: सिंधू म्हणाल तर गुजरातची लोथल, धोळावीरा बाहेर राहिल्यासारखी वाटतात, सरस्वती जोडली की कोणती सरस्वती, याचा वाद. गावाचं नाव दिलं तर निदान ते काहीच दावा करत नाही. तुम्हाला ते परकं वाटतं, मला त्याचा कोरडेपणाच आवडतो. मोहेंजोदडो तर सिंधीत मेलेल्यांचं टेकाड. ज्यांनी ते नगर बांधलं ते स्वतःच्या गावाला असं थोडंच म्हणत असतील?

सिंधुपुत्र

कोरडेपणा हाही एक दावाच असतो. पण असो.

संपादक मंडळ

सरस्वतीवर या संस्थळावर आधीच अकरा धागे आहेत. तिथं चर्चा करावी. इथं खापरावर बोलू.

अनामिका७

मूळ धाग्यातला शेवटचा प्रश्न राहून गेला. त्या लोकांचं खरं नाव काय होतं?

कुदळ-फावडं

जोर्वे लोकांचं? माहीत नाही आणि कळायचा मार्गही नाही. लिपी नव्हती. भाषा कोणती होती तेही सांगता येत नाही.

यासाठी तीन शब्द लक्षात ठेवावेत. लिखाणच नाही तो काळ प्रागैतिहासिक. लिखाण आहे पण आपल्याला वाचता येत नाही, किंवा दुसऱ्याच्या लिखाणात उल्लेख येतो, तो आद्यैतिहासिक. वाचता येणारं लिखाण आहे तो ऐतिहासिक. हडप्पा मधल्या खणात. त्यांची लिपी वाचलेली नाही, पण मेसोपोटेमियाच्या लेखांत "मेलुहा" नावाचा देश येतो आणि तो सिंधूकडचाच असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे शेजारी काय म्हणत असावेत ते कळलं, स्वतःला काय म्हणत ते नाही.

आणि स्वतःला काय म्हणत हे कळूनही सगळं सुटत नाही. सातवाहनांची नावं नाणेघाटात, नाशिकच्या लेण्यांत कोरलेली आहेत. पुराणं त्यांनाच आंध्र म्हणतात.

बंड्या टोकियोकर

शेजाऱ्यानं ठेवलेल्या नावावरून अमेरिकेतलं प्रकरण आठवलं. नैर्ऋत्य अमेरिकेत कड्यांच्या कपारीत घरं बांधणाऱ्या जुन्या लोकांना पुस्तकांत "अनासाझी" म्हणत. हा नावाहो भाषेतला शब्द, अर्थ साधारण "शत्रूंचे पूर्वज". त्या लोकांचे आजचे वंशज म्हणजे प्वेब्लो. ते म्हणाले, आमच्या आजोबांना तुम्ही शेजाऱ्यांच्या शिवीनं का ओळखता? आता "पूर्वज प्वेब्लो" असं लिहितात. म्हणजे नावं बदलतात, सिंधुपुत्र, पण तिथं तक्रार करायला वंशज हजर होते.

ज्वारीची भाकरी

मग सरांच्या गावातले आजोबा पण वंशजच ना? तक्रार ग्राह्य धरा.

कुदळ-फावडं

भाकरी, हसू आलं, पण हे तितकं सरळ नाही. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या बहुतेक वस्त्या इसपू १००० च्या सुमारास ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी तीनेकशे वर्षं रडतखडत चाललं. तिथं हे डोळ्यांनी दिसतं: आधीची ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, भांडी जाडीभरडी झाली, शेतीपेक्षा शिकारीवर भर वाढला. पाऊसमान घटलं हे इनामगाव खणणाऱ्या धवलीकरांनी मांडलेलं कारण. मग तेही संपलं. ती माणसं कुठं गेली, कुणात मिसळली, याचा धागा सलग लागत नाही. आपलेच पूर्वज असतीलही, काही अंशी. पण सातबारा दाखवता येणार नाही.

निवृत्त कारकून

सातबारा दाखवूनही लोक मानत नाहीत, हा माझा अनुभव.

माहेरवाशीण

एक बाळबोध प्रश्न. संग्रहालयात "मध्याश्मयुग" आणि "मध्य पुराश्मयुग" अशा दोन पाट्या होत्या. मला वाटलं एक छपाईची चूक.

कुदळ-फावडं

बाळबोध नाही, परीक्षेत यावरच गचके बसतात. पुराश्मयुग म्हणजे जुनं दगडी युग, त्याचे तीन भाग: आद्य, मध्य, उत्तर. त्यानंतर येतं ते मध्याश्मयुग, बोटाच्या पेराएवढ्या सूक्ष्मास्त्रांचं. त्यानंतर नवाश्मयुग. म्हणजे एक "मध्य" पोटातला, दुसरा दोन युगांमधला. जोर्वे यांच्याही नंतर ताम्रपाषाण युगात, जेव्हा तांबं आलं पण दगड सुटला नव्हता.

आणि नेवासेकरांसाठी खास: भारतातल्या मध्य पुराश्मयुगीन छिलक्यांच्या (दगडाच्या कपच्यांच्या) हत्यारांना "नेवासीय" असंही नाव होतं, नेवाशाला मिळाली म्हणून. जोडगोळीतून गळलेल्या नेवाशाला ही भरपाई. पैसाचा खांब तर आहेच.

जाता जाता, तक्त्यांत "बीपी" दिसलं तर घाबरू नका. १९५० पासून मागं मोजलेली वर्षं ती.

चहाटळ मावशी

माझं बीपी ३२०० आहे असं डॉक्टरांना सांगते उद्या.

शंकासुर

थोडं गंभीर. मला वाटतं सरांच्या गावातल्या भांडणाचं मूळ खापरात नाही, "संस्कृती" या शब्दात आहे. हिंदीवाले "सिंधु घाटी सभ्यता" म्हणतात. आपण मराठीत सिंधू संस्कृतीही म्हणतो आणि जोर्वे संस्कृतीही. एकीकडे आखीव रस्ते, गटारं, मुद्रा, मोजमापं. दुसरीकडे कुडाची घरं. दोन्हींना एकच शब्द. वर आपल्याकडे "आमची संस्कृती" म्हटलं की आवाज आपोआप चढतो. गावकऱ्यांनी "जोर्वे संस्कृती" वाचलं आणि त्यांना ऐकू आलं "जोर्व्याचा मोठेपणा". यात त्यांचं काय चुकलं?

कुदळ-फावडं

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. शिकताना आम्ही तो शब्द इतका वापरला की बाहेर त्याचा दुसरा अर्थ आहे हेच विसरलो. टोपी काढली.

निवृत्त कारकून

शंकासुरांशी कुणीतरी सहमत झालं याची नोंद घ्यावी.

भीमथडीचा

उशिरा आलो. सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी इनामगावच्या बाजूचा, घोडनदीकाठचा. आमच्याकडे उलटी तक्रार आहे. एवढं खणलं आमच्याकडे, घरं आमची, रांजण आमचे, मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची देवी आमची, आणि नाव जोर्व्याचं. तरी आमच्याकडे कुणी भांडत नाही, कारण "इनामगाव" म्हटलं की अभ्यासक वळून बघतात. ज्याचं त्याचं.

दायमाबादची गोष्ट आणखी वेगळी. १९७४ साली तिथं एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार कांस्यमूर्ती मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीच्या रथात उभा माणूस. मिळून साठ किलोंच्या वर. त्या कुणी ओतल्या, कोणत्या काळात, यावर अजून वाद आहे, आणि दायमाबाद हे गाव म्हणून आता वसलेलंच नाही. भांडायला माणूसच नाही उरला.

अनामिका७

शेवटचं वाक्य वाचून गप्प बसले जरा वेळ.

प्रवराकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही येईल असं वाटलं नव्हतं. काल बैठक झाली, वृत्तांत देतो.

शंकासुरांचा सल्ला मानून "संस्कृती" शब्दच काढला. मजकूर असा वाचून दाखवला: "आपल्या पांढरीवर साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती होती. अशी भांडी उत्खननात प्रथम जोर्वे येथे मिळाली, म्हणून अभ्यासक त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. ती माणसं स्वतःला काय म्हणत, हे कुणालाच माहीत नाही."

आजोबा ऐकत होते. म्हणाले, "प्रथम जोर्व्याला मिळाली का प्रथम जोर्व्याला खणलं?" मी म्हटलं, खणलं. "मग तसं लिही." तसं लिहिलं.

सुभ्याच्या नकाशावाल्या पोरानं निवृत्त कारकून यांचा प्रतिसाद फोनवर मोठ्यानं वाचला आणि टेकाडाची माती न्यायची नाही असा विषय स्वतःहून मांडला. त्यावर मात्र एकमत झालं नाही. तिघांच्या ट्रॅक्टरचं भाडं त्यात अडकलंय. पुढच्या बैठकीत परत.

कुदळ-फावडं

सर, साधारण तीन हजार म्हणू नका. प्रवरेकाठी इसपू १४०० ते १००० धरा. म्हणजे तीन ते साडेतीन हजार. आणि ते विद्यार्थी परत आले तर खापर कोणत्या जागी मिळालं ते दाखवा, नुसतं खापर देऊ नका. जागा गेली की खापर मुकं होतं.

निवृत्त कारकून

त्या तीन ट्रॅक्टरवाल्यांना माझ्या भेंडीचं सांगू नका म्हणजे झालं.

चहाटळ मावशी

स्मरणिका छापून आली की एक प्रत व्यनि (खासगी निरोप) करा. आणि त्या आजोबांना इथं सदस्य करून घ्या, प्रतिसाद आम्ही टंकून देऊ.